शासकीय पुस्तिका छापताना: सिंह, शिक्का आणि सेंटर पिन

डिसेंबर तोंडावर आला की नागपुरातल्या डीटीपीवाल्यांची झोप उडते. विधानभवनाच्या रस्त्यावर बांबू रोवले जातात, रवी भवनात रंगरंगोटी सुरू होते आणि वर्षभर गप्प असलेल्या कार्यालयांना एकदम आठवतं की अधिवेशनात वाटायला एक पुस्तिका हवी. मजकूर तयार नसतो, फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि मुदत असते ‘परवापर्यंत’.

अशाच एका परवात मी दीड हजार मुखपृष्ठं वाया घालवली. छपाई सुंदर, मॅट लॅमिनेशन झकास. गठ्ठा कार्यालयात पोचला, तिथल्या शिपायानं वरची प्रत हातात घेतली आणि म्हणाला, “सर, सिंहाखालचं ‘सत्यमेव जयते’ काहून नाही?” चित्र मी इंटरनेटवरून उचललं होतं, चौकटीत बसेना म्हणून खालून कापलं होतं. साहेबांपासून प्रूफ तपासणाऱ्या बाईंपर्यंत पाच जणांच्या सह्या त्या प्रूफवर होत्या. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर मी कामाचा क्रमच बदलला. रंग, फॉन्ट, ले-आऊट हे सगळं मागे ढकललं आणि ‘या पुस्तिकेतून नेमकं कोण बोलतंय?’ हा प्रश्न पुढे आणला. शासकीय प्रकाशनाचं ब्रँडिंग म्हणजे मुळात याच प्रश्नाचं उत्तर. गावातल्या माणसानं पुस्तिका हातात घेतली की त्याला कळलं पाहिजे की हे खरंच सरकारचं आहे, कुठल्या कार्यालयाचं आहे आणि कधीचं आहे. पुढची सगळी पायरी-पायरी त्याच हिशेबानं लिहितो आहे. कार्यालयात प्रकाशनाचं टेबल अचानक अंगावर पडलेल्या लिपिकासाठी आणि पहिल्यांदाच सरकारी काम घेणाऱ्या डिझायनरसाठी.

पायरी १: संगणक उघडण्याआधी एक कागद

एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून घ्या. प्रकाशक कार्यालयाचं पूर्ण नाव. त्याच्या वरचा विभाग. ते राज्याचं आहे, केंद्राचं आहे, स्थानिक संस्था आहे की महामंडळ. आणि अंतिम प्रूफवर सही कोण करणार, त्या एका अधिकाऱ्याचं पदनाम.

नागपुरात ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण इथं सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. सिव्हिल लाइन्समध्ये एका चौकात उभं राहिलं तर हाकेच्या अंतरावर राज्य शासनाची कार्यालयं, केंद्राची कार्यालयं आणि महापालिका, तिन्ही सापडतात. विभागीय आयुक्त कार्यालय महाराष्ट्र शासनाचं. भारतीय खाण ब्यूरो केंद्राचा. ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोल इंडियाची उपकंपनी. महामेट्रो केंद्र आणि राज्य दोघांची मिळून. नागपूर सुधार प्रन्यास, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांचं आणखी वेगळं. यांतल्या प्रत्येकाला चिन्हाचे आणि भाषेचे वेगळे नियम लागू होतात. एकाची फाइल उघडून दुसऱ्याचं नाव टाकलं, की घोळ तिथंच सुरू होतो.

काम शासकीय मुद्रणालयात जाणार की बाहेर, हेही याच कागदावर लिहा. नागपुरात शासकीय मुद्रणालय आहे. बाहेरच्या प्रेसमध्ये काम द्यायचं असेल तर त्याचं कारण आणि मान्यता नस्तीवर (कार्यालयाच्या फाइलवर) आहे का, ते डिझाइनच्या आधी विचारा. बिल अडकल्यावर विचारून उपयोग नसतो.

पायरी २: सिंह

भारताचं राजचिन्ह सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेलं आहे. २६ जानेवारी १९५० ला ते स्वीकारलं गेलं. त्याच्या वापरासाठी २००५ चा कायदा आहे आणि २००७ चे नियम. अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला घाबरवायला हे सांगत नाही. ‘सजावट म्हणून टाकून द्या हो’ असं म्हणणाऱ्या साहेबांना दाखवायला उपयोगी पडतं.

चित्र तपासण्याची माझी पद्धत अशी. तीन सिंह दिसतात, चौथा मागे लपलेला. खालच्या पट्टीवर मधोमध धर्मचक्र, आपल्या डाव्या हाताला धावता घोडा, उजव्या हाताला बैल, दोन्ही टोकांना चक्रांच्या कडा. घोडा उजवीकडे दिसला तर चित्र कुणीतरी उलटवलं आहे. आणि खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’. हे ब्रीद नसेल तर चिन्ह अपुरं, मग ते कितीही देखणं असो.

फार थोड्या लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कायद्याच्या अनुसूचीत चिन्हाच्या दोन आकृत्या दिल्या आहेत. एक सोपी, कमी रेषांची, लेटरहेड आणि शिक्क्यासारख्या लहान आकारासाठी. दुसरी बारकाव्यांची, मोठ्या आकारासाठी. आपण काय करतो, तर मोठी बारीक आकृती घेऊन अंगठ्याच्या नखाएवढी छापतो. मग ऑफसेटवर सिंहांच्या आयाळीचा नुसता काळा ठिपका होतो आणि ‘सत्यमेव जयते’ची शिरोरेषा तेवढी उरते. लहान जागेत सोपी आकृतीच वापरा. माझ्या मापानं उंची पंधरा मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. चिन्हाला सावली, चकाकी, सोनेरी ग्रेडियंट, गोल चौकट यांतलं काहीही देऊ नका. मजकुरामागे फिकट वॉटरमार्क म्हणूनही घालू नका. हा शेवटचा मोह सगळ्यांना होतो.

आता कुणी वापरायचं नाही ते. नियमांनी नगरपरिषदा, पंचायत राज संस्था, सार्वजनिक उपक्रम, बँका, विद्यापीठं, आयोग, समित्या यांना, विशेष अधिकार दिलेला नसेल तर, हे चिन्ह लेटरहेडवर किंवा माहितीपत्रकावर वापरायला मनाई केली आहे. जिल्हा परिषदेच्या पुस्तिकेवर सिंह छापायचे असतील तर आधी अधिकारपत्र दाखवायला सांगा. ‘मागच्या वर्षीही होते’ हा अधिकार होत नाही.

राज्याची स्वतःची मुद्राही आहे. गोलाकार, मध्ये समई, भोवती ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारा श्लोक. इथं एक खास महाराष्ट्री गफलत होते. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी, आणि तिच्यावर ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ असं आहे. राज्य शासनाच्या मुद्रेत त्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’ आहे. सर्चमध्ये ‘राजमुद्रा’ टाकलं की अष्टकोनी आधी येते, आणि ती थेट मुखपृष्ठावर जाते. आदरानं छापली तरी ती आजच्या शासनाची मुद्रा नव्हे. श्लोक अक्षर-अक्षर वाचा, अष्टकोन दिसला की थांबा. सिंह आणि समई यांतलं कुठलं वापरायचं, हे त्या कार्यालयाच्या चालू पत्रव्यवहारावरून ठरवा. एकाच पानावर दोन्ही कोंबू नका.

मूळ फाइल कार्यालयाकडून व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाहीत अशा स्वरूपात मागा. ती नसेल तर वरच्या विभागाकडून मागवायला लावा. दोन दिवस जातील. कोरलड्रॉमध्ये ट्रेस केलेल्या सिंहांचे चेहरे मांजरासारखे होतात.

पायरी ३: बाकीच्या बोधचिन्हांची गर्दी

मोहिमांच्या बोधचिन्हांना मुदत असते हे लोक विसरतात. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं चिन्ह २०२१ ते २०२३ चं. मार्च २०२३ मध्ये नागपुरात सी-२० ची (जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची) बैठक झाली तेव्हा शहरभर जी-२० चं कमळ दिसत होतं. त्यानंतर कित्येक महिने जुन्या टेम्प्लेटमधून ते उगाच छापलं जात राहिलं. नवं काम सुरू करताना तळपट्टीतलं प्रत्येक चिन्ह पुसून टाका. मग एकेक परत बोलवा आणि विचारा: हे का आहे? योजनेला ज्यांचा पैसा आहे त्यांचं चिन्ह, प्रकाशकाचं चिन्ह, बस. तीनच्या पुढे गेलं की मुखपृष्ठाचा क्रिकेटच्या प्रायोजकांचा फलक होतो.

पायरी ४: नावं, पदनामं आणि भाषेचा क्रम

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याच्या कार्यालयाचं प्रकाशन मराठीत, हा वादाचा मुद्दाच नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ देखील स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषेत आणि परवडेल अशा पद्धतीनं पोचवा असंच सांगतं.

केंद्राच्या कार्यालयांचं वेगळं. राजभाषा अधिनियम १९६३ च्या कलम ३(३) खाली अहवाल, अधिसूचना, निविदा, प्रसिद्धीपत्रकं हिंदी-इंग्रजी दोन्हीत लागतात. १९७६ च्या नियमांत हिंदीच्या वापरासाठी राज्यांचे तीन गट केले आहेत, महाराष्ट्र त्यांतल्या ‘ख’ क्षेत्रात येतो. मराठी लोकांसाठी असलेल्या फलकावर मात्र क्रम मराठी, हिंदी, इंग्रजी असा हवा आणि अक्षरांचा आकार सारखा. वर्धा रोडवरून जाताना बघा, इंग्रजी ढोलाएवढं आणि मराठी तळाशी मुंगीएवढी असे फलक अजूनही सापडतात.

पदनामं आपल्या मनानं भाषांतरित करू नका. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे, शासन व्यवहार कोश आहे. ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर’ म्हणजे कार्यकारी अभियंता. ‘सीईओ, झेडपी’ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद. ही रचना एकदा ठरली की पुस्तिकेच्या चाळीस पानांत तीच राहिली पाहिजे. पान ४ वर ‘उप अभियंता’, पान १९ वर ‘उपअभियंता’ आणि पान ३१ वर ‘डेप्युटी इंजिनिअर’ असं झालं तर वाचणाऱ्याला ती तीन माणसं वाटतात. मी कामाच्या सुरुवातीला एका पानाची शब्दसूची करतो: पदनामं, योजनांची पूर्ण नावं, गावांची आणि तालुक्यांची नावं. कार्यालयाची सही त्या सूचीवर आधी घेतो. पुस्तिकेतले निम्मे वाद तिथंच मिटतात.

शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक आणि संकेतस्थळावरचा सांकेतांक, चारही द्या. ‘शासनाच्या निर्णयानुसार’ एवढंच लिहिलं तर शेतकरी तलाठ्याकडे काय दाखवणार?

पायरी ५: मजकूर युनिकोडमध्ये आणणे

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि तो ठरवून द्यावा लागतो.

कार्यालयातून मजकूर तीन-चार वेगवेगळ्या काळांतून आल्यासारखा येतो. एक शाखा श्रीलिपीत देते, दुसरी कृतिदेवमध्ये, तिसरी सुरेखमध्ये, आणि नवीन भरती झालेला मुलगा मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत टाइप करून पाठवतो. जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. कागदावर छान दिसतात, पण पीडीएफमध्ये ‘शेतकरी’ शोधलं तर काहीच सापडत नाही. दृष्टिबाधित माणसाचं वाचक सॉफ्टवेअर ते वाचताना अगम्य बडबडतं. म्हणून सगळं एका युनिकोडवर आणणं ही पहिली अट.

रूपांतर करणाऱ्या साधनांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रूपांतर झालं की मी ठरावीक शब्द शोधतो: कर्मचाऱ्यांना, शेतकऱ्यांसाठी, ॲप, बँक, कॉलनी, श्रीमती, दृष्टी, ज्ञान, कृषी, विद्यार्थी. चुका इथंच लपतात. ‘शेतकऱ्यांसाठी’चं ‘शेतकर्यांसाठी’ होणं ही तर रोजची गोष्ट. हा अर्धा र म्हणजे मराठीची खूण. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. शिवाय हा र दोन रीतींनी टाइप होतो. दिसायला सारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. सगळीकडे एकच रीत करून घ्या. ‘बँक’चंही तसंच, चंद्रबिंदू एका कळीनं येतो किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे.

मग ल आणि श. मराठीसाठी देवनागरीचं प्रमाण रूप ठरवणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा, आणि त्यानंतरचा १० नोव्हेंबर २०२२ चा. पाकळीचा ल आणि गाठीचा श ही मराठीची वळणं. बऱ्याच फॉन्टमध्ये सुरुवातीला हिंदी वळणं दिसतात, मराठी वळणं आत दडलेली असतात. ती बाहेर काढायला मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते. नोटो सॅन्स देवनागरीत हे होतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा निवडण्याची कटकटच नको असेल तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घ्या, त्यात मराठी वळणं आधीपासून आहेत.

हिंदी वळणाचा ल छापल्यानं कुणाचं काही अडत नाही, हे मला मान्य आहे. पण शासनानं स्वतः ठरवलेलं अक्षर शासनाच्याच पुस्तिकेत नसावं, हे मला तरी विचित्र वाटतं.

आकडे देवनागरी, आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं: १,२५,०००. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याजागी रिकामा चौकोन येतो. तक्त्यांमध्ये तो चौकोन नजरेतून हमखास सुटतो.

पायरी ६: पान

देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीनं ओळी ठेवल्या तर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात. मूळ मजकूर बारा पॉइंट, ओळींमधलं अंतर सतरा-अठरा पॉइंट. वयस्कर लाभार्थ्यांसाठी असेल तर चौदा. शीर्षकाला एक फॉन्ट, मजकुराला एक. शीर्षक वाकडं, कमानीत, सावलीत टाकायचं नाही. रंग काळ्याखेरीज दोन. रंग निवडताना शहरात सध्या कुठल्या पक्षाचे झेंडे लागले आहेत तेही बघून घ्या, हसू नका, यावरून पुस्तिका परत आलेली मी पाहिली आहे.

राष्ट्रध्वज पार्श्वभूमीला घेऊन त्यावर मजकूर टाकायचा नाही. ध्वजसंहितेत ध्वजावर कुठलंही लेखन चालत नाही.

पायरी ७: नकाशे आणि फोटो

भारताचा नकाशा घ्यायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच. सीमा चुकीच्या दाखवणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि फुकट चित्रांच्या संकेतस्थळांवरचे निम्मे नकाशे काश्मीरमध्ये चुकलेले असतात. विभागाच्या नकाशातही फसायला होतं. नागपूर विभागात सहा जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. गडचिरोली १९८२ ला वेगळा झाला, गोंदिया १९९९ ला. कार्यालयाच्या कपाटातल्या जुन्या नकाशात गोंदिया अजून भंडाऱ्यात असतो, आणि तोच स्कॅन होऊन येतो.

लाभार्थ्याच्या फोटोला त्याची लेखी संमती घ्या. फोटोत त्याच्या हातात प्रमाणपत्र असेल तर मोठं करून पाहा, आधार क्रमांक किंवा बँक खातं वाचता येतं का. मुलांचे फोटो असतील तर पालकांची संमती, आणि शंका असेल तर फोटोच नको. छपाईला मूळ आकारात ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) लागतं. व्हॉट्सॲपवरचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

पायरी ८: संदेशांची पानं

मा. मंत्री, पालकमंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी. क्रम कार्यालयाकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेला क्रम प्रूफच्या वेळी बदलतो. सरकारी जाहिरातींतल्या फोटोंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये निर्णय दिला, तेव्हा फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्या फोटोंना मुभा होती. मार्च २०१६ मध्ये त्यात बदल होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याच्या मंत्र्यांना ती मिळाली. जाहिरातीतून उचललेला मजकूर पुस्तिकेत घेताना हे लक्षात ठेवा.

खरी अडचण बदल्यांची. साहेब बदलतात, मंत्रिमंडळ बदलतं, आचारसंहिता लागते. २०२४ ला विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली. त्या आठवड्यात बाइंडिंगला गेलेल्या पुस्तिका कित्येक ठिकाणी गोदामातच राहिल्या असणार. माझा तोडगा साधा आहे. संदेशांची सगळी पानं एका वेगळ्या चार पानी तुकड्यात घ्या, मुखपृष्ठाच्या लगेच आत. तो तुकडा सगळ्यात शेवटी छापा. बदल झाला तर चार पानं बदलतात, चौसष्ट नाही. आतल्या मजकुरात कुणाचंही नाव टाकू नका, फक्त पदनाम. पदाची बदली होत नाही.

पायरी ९: कागदाचा हिशेब

दरपत्रक मागवण्याआधी हा हिशेब स्वतः करा, म्हणजे महाल-इतवारीतल्या प्रेसवाल्याशी बोलताना आपण अडाणी ठरत नाही.

ए-फोर आकाराची ६४ पानांची पुस्तिका, २००० प्रती. २५ × ३६ इंचाच्या एका कागदात दोन्ही बाजू मिळून सोळा पानं बसतात, म्हणजे एका प्रतीला चार कागद. दोन हजार प्रतींना आठ हजार कागद, म्हणजे पाचशे कागदांच्या सोळा रीम. त्यावर चार-पाच टक्के वाया जाणार, सतरा रीम धरा. ७० जीएसएमची (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ही रीम साधारण वीस किलो भरते, आणि कागद किलोवर मिळतो. डेमी १/८ आकार घेतलात तर २३ × ३६ च्या कागदात बत्तीस पानं बसतात. म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवायची. ६६ पानं झाली तर दोन पानांसाठी वेगळा फर्मा (एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचा संच) चढतो. दोन पानं कमी करायला साहेब तयार होत नाहीत, पण हा खर्च आकड्यात दाखवला की होतात.

६४ पानांना सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर मारलेली पिन पुरते. परफेक्ट बाइंडिंगचा (कण्याला डिंक लावून चिकटवण्याचा) हट्ट धरला तर कणा जेमतेम तीन मिलिमीटरचा होतो, त्यावर नाव छापता येत नाही आणि पानं लवकर सुटतात. पिन मारताना आतली पानं बाहेर सरकतात, कडेला दहा मिलिमीटर तरी मोकळे सोडा. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी बाहेर वाढवलेलं चित्र. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत), आणि काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. चार रंगांच्या काळ्यात बारीक देवनागरी अक्षराच्या कडा फाटतात.

आणि हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडीठाक. कागद वळतो, एकमेकांना चिकटतो, एका बाजूला लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठं पापडासारखी उचलतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, कागद ओल धरून फुगतो आणि रंगाला रंग जुळत नाही. कागद किमान एक दिवस आधी प्रेसमध्ये आणून ठेवायला सांगा, त्याला तिथल्या हवेची सवय होते.

पायरी १०: प्रूफ

पडद्यावर तपासलेलं प्रूफ मी प्रूफ मानत नाही. मूळ आकारात कागदावर काढा, घडी घालून, पिन मारून डमी करा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ मजकूर बोटानं धरून बघायचा. आकडे, फोन क्रमांक, शासन निर्णयाचे दिनांक तिसऱ्यानं वेगळे तपासायचे. प्रत्येक फोन क्रमांक लावून बघा. हो, खरंच फिरवून. आणि मुखपृष्ठ एकदा कार्यालयात ज्याचा या कामाशी काही संबंध नाही अशा माणसाच्या हातात द्या. माझ्याकडे त्या शिपायाची आठवण आहे, तुमच्याकडेही कुणीतरी असेलच.

अंतिम डमीच्या प्रत्येक पानावर सही आणि दिनांक, शेवटच्या पानावर ‘छपाईस योग्य’. ही डमी नस्तीत लागते.

पायरी ११: शेवटचं पान आणि नंतर

मलपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात: प्रकाशकाचं पदनाम आणि पत्ता, मुद्रकाचं नाव, आवृत्ती, महिना व वर्ष, प्रतींची संख्या, किंमत किंवा ‘विनामूल्य’. माहिती कुठल्या तारखेपर्यंतची आहे तेही लिहा. अनुदानाची रक्कम बदलली की जुनी पुस्तिका लोकांना खोटी वाटू लागते, ही एक ओळ ते टाळते. शासकीय प्रकाशनाचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर साठ वर्षं शासनाकडे राहतो. त्यामुळे डिझायनरनं मलपृष्ठावर आपल्या स्टुडिओचा लोगो मोठा करायची गरज नाही.

नियतकालिक असेल तर वेगळी नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून त्यासाठी नवा कायदा लागू झाला आहे. पुस्तक असेल आणि ते फक्त कार्यालयीन वापरासाठी नसेल, तर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याखाली कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत प्रत पाठवायची असते. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे. बहुतेक कार्यालयांना ते ठाऊकच नसतं, आणि म्हणून आपल्याच शहराच्या जुन्या अहवालांसाठी संशोधकांना रद्दीवाल्यांकडे फिरावं लागतं.

संकेतस्थळावर छापील प्रतीचा स्कॅन टाकू नका. मूळ फाइलमधूनच पीडीएफ काढा, शीर्षकांना टॅग, चित्रांना वर्णन. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १. सरकारी संकेतस्थळांच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना याच धर्तीवर आहेत, आणि केंद्राच्या कार्यालयांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअलही आलं आहे. रंगपट, चिन्हं, अक्षरं तिथं ठरवून दिली आहेत, नोटो सॅन्ससुद्धा. केंद्रीय कार्यालयाचं काम घेतलंत तर ते आधी वाचा.

बिल देताना पेनड्राइव्हमध्ये चार गोष्टी द्या: उघडणारी मूळ फाइल, फॉन्ट, मोठ्या आकारातले फोटो, छपाईची पीडीएफ. सोबत ती शब्दसूची. पेनड्राइव्ह पाकिटात घालून नस्तीला पिन मारा आणि पाकिटावर पुस्तिकेचं नाव लिहा. पुढच्या डिसेंबरला त्या टेबलावर कदाचित दुसराच लिपिक असेल.